नॅव्हरोनच्या तोफा आणि शेणोलीची गाडी

लहानपणी आमच्या गावात आम्ही ‘गाडी लुटायची’ नावाचा एक खेळ खेळायचो. सुगी झाल्यावर मोकळ्या रानात दोन रेघा ओढायच्या, ते रूळ. त्यावर दगड रचायचे. चार-पाच पोरं एकमेकांचे सदरे धरून ‘झुकझुक’ करत यायची आणि बाकीचे बांधाआड दबा धरून बसायचे. नाना पाटील कोण, जी. डी. बापू कोण, नागनाथअण्णा कोण, यावरून खेळ सुरू होण्याआधीच मारामाऱ्या. पोलीस व्हायला कुणी तयार नसायचं, पण तो कुणीतरी व्हायचाच. खबऱ्या व्हायला मात्र एकच पोरगा ठरलेला होता. त्याला विचारायचीही गरज नव्हती. ‘तुमच्या घरचंच काम हाय ते,’ असं म्हणून त्याला पुढं ढकलायचं. शेवटी त्याला पालथा पाडून त्याच्या तळव्यांवर कडब्याच्या काटकीने मारायचं. खेळ संपला.

त्याचे आजोबा सोप्यात बसून असायचे. उठले की भिंतीला हात लावत, एका पायावर भार देत चालायचे. त्यांच्या पायांना नाल ठोकलेत, घोड्याला ठोकतात तसे, अशी आमची खात्री होती. ते कधी चप्पल काढताना दिसले नाहीत, म्हणून तर आणखीच.

हे सगळं मला परत आठवलं ते एका इंग्रजी सिनेमामुळे. सन २००० च्या आसपास आम्ही दोघं, म्हणजे मी आणि तो खबऱ्या, सांगलीत एकाच खोलीत राहून शिकत होतो. शनिवारी रात्री भाड्याने सीडी आणायची आणि कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर आठ-दहा जणांनी मिळून बघायची, हा शिरस्ता. त्या शनिवारी आणला होता ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला नसेल. १९६१ चा सिनेमा, लांबी अडीच तासांहून जास्त. आजच्या डोळ्यांना त्यातलं वादळ टाकीतलं वाटतं आणि कडे पुठ्ठ्याचे. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, अँथनी क्विन ही मंडळी कमांडो म्हणून जरा पोक्तच दिसतात. पण गोष्ट पकडून ठेवते. १९४३ साल. एजियन समुद्रातल्या खेरोस बेटावर दोन हजार ब्रिटिश सैनिक अडकलेत. त्यांना सोडवायला आरमाराला ज्या सामुद्रधुनीतून जायचंय, तिच्या तोंडाशी नॅव्हरोनच्या कड्यात जर्मनांनी दोन अजस्र तोफा बसवल्यात. विमानांनी त्या उडत नाहीत. मग मूठभर माणसांनी रात्री कडा चढून आत शिरायचं आणि त्या उडवायच्या. सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. ते तोफांसाठी असावं.

नॅव्हरोन नावाचं बेट नाही, खेरोसही नाही. ॲलिस्टर मॅक्लीन या स्कॉटिश माणसाने १९५७ मध्ये कादंबरी लिहिली, तिच्यातली ही नावं. पण मॅक्लीन हवेत लिहीत नव्हता. तो महायुद्धात ब्रिटिश आरमारात होता आणि त्याची युद्धनौका १९४४ मध्ये याच एजियन समुद्रात वावरलेली. त्याच्या आदल्या वर्षी तिथं काय घडलं होतं, ते त्याला ठाऊक असणारच. सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण आली. इटलीच्या ताब्यातली डोडेकनीज बेटं आपल्या घशात पडतील, अशी चर्चिलला आशा होती. पडली नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं रोड्स बेट जर्मनांनी आधीच बळकावलं. लेरॉस बेटावरची ब्रिटिश फौज पाच दिवस लढून १६ नोव्हेंबरला शरण गेली. म्हणजे खऱ्या इतिहासात ती माणसं सुटली नाहीत. हरलेली मोहीम चौदा वर्षांनी कादंबरीत जिंकली गेली. थरारकथा हे काम फार चांगलं करते.

आता यातला आपला भाग. रोड्सवर उतरायला कुणाला तयार केलं होतं? आठव्या इंडियन डिव्हिजनला. त्यासाठी तिच्याकडून सराव करून घेतला होता. मग जहाजं दुसरीकडे गेली, बेत फिसकटला, आणि डिव्हिजन इटलीकडे वळवली. सप्टेंबर १९४३ मध्ये ती तारांतोला उतरली. या डिव्हिजनमध्ये मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन होती. पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव याच बटालियनचे. म्हणजे चर्चिलच्या मनासारखं झालं असतं, तर ज्या रोड्स बेटावर नंतर ग्रेगरी पेकने शूटिंग केलं, तिथं कोल्हापूर-सातारा-नगरकडची पोरं संगिनी लावून उतरली असती. सिनेमात त्यांच्यापैकी कुणी नाही. असायचं कारणही नाही, कारण ती तिथं पोचलीच नाहीत. पण नकाशावर ती त्या गोष्टीच्या इतकी जवळ उभी होती.

आणि त्याच महिन्यांत इकडे, त्यांच्या गावाकडे काय चाललं होतं?

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजचे सांगली जिल्ह्यातले तालुके तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आणि हा जिल्हाही सलग नव्हता. मध्येमध्ये औंध, सांगली, मिरज, फलटण, जत या संस्थानांचे तुकडे, गोधडीला ठिगळं असावीत तसे. हे ठिगळांचं प्रकरण महत्त्वाचं आहे, त्याकडे परत येतो.

ऑगस्ट १९४२ च्या ‘चले जाव’नंतर साताऱ्यात आधी मोर्चे निघाले. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर. मागणी साधी होती : कचेरीवर तिरंगा लावा. सप्टेंबरमध्ये वडूजला आणि इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्यानंतर मोर्चे थांबले आणि माणसं भूमिगत झाली. १९४३ च्या मध्यापर्यंत त्यातून प्रतिसरकार उभं राहिलं. नाना पाटील, किसन वीर, पांडू मास्तर, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी. कुंडलला तुफान सेना तयार झाली, पोरांना कवायत आणि शिस्त शिकवली जाऊ लागली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून पुणे-मिरज गाडी अडवली आणि सरकारी नोकरांच्या पगाराचा पैसा काढून घेतला. हातात होतं काय, तर कोयते, काठ्या आणि थोडे गावठी बॉम्ब. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ शेवटपर्यंत सांगायचे की तिला लूट म्हणू नका, लोकांचाच पैसा लोकांकडे परत आणला. (आमच्या खेळाचं नाव त्यांना आवडलं नसतं.)

त्यानंतर सहा-सात आठवड्यांत, २४ जुलै १९४३ ला, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या किल्ल्यातला तुरुंग फोडून तटावरून खंदकात उड्या टाकून पळाले. कृष्णेला पावसाळ्याचं पाणी. मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळ्या लागून गेले, वसंतदादा जखमी होऊन पकडले गेले. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, याच साताऱ्याच्या मंडळींनी थेट खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची मोटार अडवली. साडेपाच लाख रुपये. घरापासून शेकडो मैल लांब, अनोळखी मुलखात, तिथल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने.

हे वाचताना डोक्यात पार्श्वसंगीत वाजायला लागतं की नाही? माझ्या वाजतं. आमच्याकडे हा सगळा इतिहास असाच सांगितला जातो, एका ‘मोहिमे’नंतर दुसरी मोहीम. शाळेतल्या भाषणात, पोवाड्यात, जयंतीच्या फ्लेक्सवर. मला त्याचं वाईट वाटत नाही, थरार खराच होता. फक्त सिनेमा बघितल्यावर कळलं की थरारकथेच्या सांगाड्यात काय मावतं आणि काय बाहेर राहतं.

ठिगळांचंच बघा. ब्रिटिश आरमाराची जहाजं १९४३ च्या त्या मोहिमेत दिवसा तटस्थ तुर्कस्तानच्या किनाऱ्याशी लपायची आणि रात्री बाहेर पडायची. साताऱ्यातलं तुर्कस्तान म्हणजे औंध. कुंडल औंध संस्थानात, किर्लोस्करवाडीही औंधातच. औंधच्या राजाने १९३९ मध्येच रयतेला स्वराज्याची घटना देऊन टाकलेली, त्यामुळे तिथली हवाच वेगळी होती. शेणोलीला गाडी अडवायची ब्रिटिश हद्दीत आणि परतायचं संस्थानी हद्दीत. ब्रिटिश पोलिसाला शिवेवर कागदपत्रांचा घोळ, भूमिगताला एक ओढा ओलांडायचा. इतकी मोठी चळवळ तीन वर्षं टिकली, त्यात शौर्याइतकाच या वेड्यावाकड्या शिवांचा हात आहे. पण शिवेवर पोवाडा कोण रचणार?

दुसरी बाहेर राहिलेली गोष्ट म्हणजे रोजचं काम. प्रतिसरकारची न्यायमंडळं गावोगाव बसायची. बांधाची भांडणं, सावकाराची गहाणवटं, नवऱ्याने टाकलेल्या बाईचं प्रकरण. गांधीविवाह लावायचे, कमी खर्चात, बँड-बिंड काही नाही. दरोडेखोरांच्या टोळ्यांचा बंदोबस्त करायचा. लोक ब्रिटिशांच्या कोर्टाऐवजी तिकडे जायला लागले. मला विचाराल तर गाडी अडवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. गाडी एका दुपारी अडवता येते. बांधाचा निकाल दिला की दोन्हीकडची माणसं दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर भेटतात.

आता सिनेमातल्या बायकांकडे येऊ. मॅक्लीनच्या कादंबरीत तुकडीला मदत करणारे ग्रीक बंडखोर पुरुष आहेत, लूकी आणि पनायिस, आणि त्यातला पनायिस फितूर निघतो. पटकथा लिहिणाऱ्या कार्ल फोरमनने त्यांच्या जागी मारिया आणि ॲना या दोन बायका आणल्या. ॲना मुकी आहे. जर्मनांनी तिला पकडून पाठीची सालटी काढली, तेव्हापासून ती बोलत नाही, असं मारिया सांगते. सुंदर, गप्प, डोळ्यांत भीती. साठच्या दशकात बाईला थरारपटात एवढीच जागा मिळायची : एक तर प्रेमात पडा, नाहीतर फितूर व्हा. ॲना बिचारी दोन्ही करते.

नाना पाटलांच्या मुलीची, हौसाताईंची, गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका साथीदाराने भररस्त्यात त्यांना मारहाण करण्याचं सोंग केलं आणि हौसाताईंनी रडून-ओरडून गाव गोळा केलं. पोलीस सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं उचलली. मार थोडा खराही बसला, असं त्या म्हातारपणी हसत सांगायच्या. सिनेमातली बाई गप्प राहून फसवते, साताऱ्यातली बोंब मारून. आणि आपल्या बायकांना बोंब मारताना बघून पोलिसाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, हे त्या डावाचं मर्म. याच हौसाताईंचं घरदार नि जमीन सरकारने जप्त केली होती. ती झळ मात्र सोंग नव्हती.

पण ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहितोय तो पुढे आहे. ज्यांना सिनेमा बघायचाय त्यांनी इथं थांबलं तरी चालेल.

शेवटच्या चढाईआधी सुरुंगतज्ज्ञ मिलरच्या (निव्हन) लक्षात येतं की त्याच्या सामानाची कुणीतरी मोडतोड केलीय. फितूर आपल्यातलाच आहे. तो एकेकाला वगळत जातो आणि ॲनाशी येऊन थांबतो. तिच्या पाठीवर फटक्यांचे वण आहेत ना? दाखवा. पाठ उघडी केली जाते. पाठ स्वच्छ आहे. ॲनाला वाचा फुटते : नुसत्या छळाच्या धाकानेच ती खचली होती. मग मिलर म्हातारा पुढारी मॅलरीकडे (पेक) वळतो. याच मॅलरीने आधी स्वतःच्या जखमी सहकाऱ्याला मुद्दाम खोटी माहिती दिली होती, तो जर्मनांच्या हाती लागून औषधाच्या अमलाखाली ती बोलणार हे धरून. तोपर्यंतचा सगळा राग मिलर आता काढतो. तू मोठा ना? मग हिला गोळी तू घाल. मॅलरी पिस्तूल उचलतो. आणि तेवढ्यात गोळी सुटते, पण ती मारियाची असते. तिची मैत्रीणच तिला मारते.

फोरमन हॉलिवूडच्या काळ्या यादीतला माणूस. डाव्या विचारांच्या लोकांना मित्रांची नावं सांगा म्हणून अमेरिकेत छळलं गेलं, तेव्हा तो देश सोडून इंग्लंडला आलेला. कोण फुटलं, का फुटलं, त्याचं काय करायचं, हे त्याच्यासाठी कागदी प्रश्न नव्हते. मॅलरी आणि अँड्रियाचं वैरही कादंबरीत नाही, ते त्याने घातलं. तोफांचा सिनेमा त्याने आतून पोखरून माणसांचा केला. माझ्या मते हा सिनेमा आजही बघावा तो त्या दहा मिनिटांसाठी. तोफा नंतर समुद्रात पडतात, छान पडतात, पण तोवर माझं लक्ष उडालेलं असतं.

आमच्या खोलीत त्या प्रसंगाला सगळे गप्प होते. गोळी सुटली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘बरं झालं.’ माझा तो मित्र भिंतीला टेकून बसला होता. हळूच म्हणाला, ‘सुटली. आमच्या म्हाताऱ्याला जगवला.’

साताऱ्यात हा प्रश्न रोजचा होता. भूमिगतांचा जीव गावाच्या जिभेवर अवलंबून. एकाने तोंड उघडलं की दहा माणसं जाणार. १९४५ च्या फेब्रुवारीत मणदूरच्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग गेले, त्यावरून पोलीस किती जवळ पोचायचे याचा अंदाज येतो. मग खबऱ्याला शिक्षा ठरली : पाय बांधून तळव्यांवर काठ्यांचे फटके. तीच ‘पत्री’. प्रतिसरकारचं पत्रीसरकार झालं ते त्यावरून. लोकांच्या तोंडी तिचे नाल झाले, पत्रे झाले, खिळे झाले. ती अफवा भूमिगतांनाही सोयीची, कारण धाक बसायचा, आणि सरकारलाही सोयीची, कारण बघा किती क्रूर आहेत असं म्हणता यायचं. खरं म्हणजे त्याच काळात जगात फितुरीला आणि प्रतिकाराला मिळणाऱ्या शिक्षा बघितल्या, तर काठी ही सौम्य म्हणावी लागेल. १३ डिसेंबर १९४३ ला ग्रीसमधल्या कालाव्रिता गावातले शेकडो पुरुष जर्मनांनी एका दिवसात गोळ्या घालून मारले. तिथल्या बंडखोरांनीही फितुरांना दयामाया दाखवली नाही. साताऱ्यात बहुतेकांना मारून सोडून दिलं. जगवलं.

आणि इथंच सिनेमा साताऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही. सिनेमात पुरावा आहे, पाठ उघडी केली की कळतं. मॅलरी आणि मिलर बेट सोडून निघून जातात, ॲनाचं नाव पुन्हा कुणी काढत नाही. साताऱ्यात कुणी बेट सोडून गेलं नाही. मारणारे, मार खाल्लेले, बघणारे, सगळे त्याच गल्लीत चाळीस वर्षं राहिले. त्याच सोसायटीचे सभासद झाले, त्याच कारखान्याला ऊस घातला, एकाच पंगतीला बसले. मारणारे स्वातंत्र्यसैनिक झाले, त्यांना ताम्रपट आणि पेन्शन मिळाली, आणि ती त्यांची होतीच. मार खाल्लेल्याच्या नातवाला खेळात खबऱ्या व्हावं लागलं.

मी नववीत असताना एकदा आज्जीला विचारलं होतं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, ‘खबर दिली का न्हाई, देवाला ठावं. बांधाचं भांडान होतं त्येंचं. कुणीतरी नाव सांगितलं.’ कुणी सांगितलं, विचारल्यावर सूप आपटून उठली. आपल्या घराकडे तो बांध होता का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, तेव्हा आज्जी नव्हती.

मी प्रतिसरकारचा अभिमान असलेल्या मुलखात वाढलो आणि तो अभिमान मला आजही आहे. तुरुंगाच्या तटावरून पुराच्या कृष्णेकडे धावलेल्या माणसांपुढे माझी मान आपोआप झुकते. पण गुप्त चळवळीला वकील, साक्षीपुरावा, अपील यांची सोय नसते. तिला रात्रीतून निकाल द्यावा लागतो, आणि रात्रीच्या निकालात जुनं वैर दिवा घेऊन पुढं येतं. चळवळीच्या पुढाऱ्यांनाही हा धोका दिसत होता. प्रतिसरकारचं नाव सांगून स्वतःचा हिशेब चुकता करणाऱ्यांना त्यांनीच शिक्षा केल्या. सगळीकडे नजर पुरली असेल, असं मात्र म्हणवत नाही.

मित्र आता पुण्यात असतो. मध्यंतरी फोनवर मी त्याला विचारलं, हे लिहू का? म्हणाला, ‘लिही. गावाचं नाव घालू नको.’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘आणि तू पण मारायचास रे काटकीने.’ मारायचो.

त्याचे आजोबा वारले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दारात अंघोळ घालत होते. आम्ही सगळी पोरं मोठ्या माणसांच्या पायांमधून डोकी घालून पुढं सरकलो होतो, कारण आज नाल दिसणार होते. पहिल्यांदाच चप्पल नव्हती. कुणीतरी पाय धरून तांब्याने पाणी ओतलं. तळवे होते, शेतकऱ्याचे असतात तसे, भेगा पडलेले. माझ्या शेजारचा पोरगा म्हणाला, ‘ह्यॅ.’ आणि आम्ही खेळायला गेलो.